द्वारकाबाईंचे तुवालू

शाळेची दुपारची घंटा झाली की द्वारकाबाई हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवत, खिडकीतून बाहेर बघत आणि म्हणत, "तुवालूत आता दिवे लागले."

आमच्याकडे ऊन ऐन डोक्यावर असे आणि पोरे डबे उघडायच्या घाईत. त्यांच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नसे, कारण ते रोजचेच होते. मी दोडामार्गाकडचा. मराठी शिकवायला पेडणे तालुक्यातल्या त्या गावात नुकताच लागलो होतो. मला वाटले, बाईंचा एखादा भाऊ-भाचा तिकडे नोकरीला असावा. मी अदबीने विचारले, "बाई, तुवालूला तुमचं कोण असतं?"

"सगळींच," बाई म्हणाल्या आणि डबा घेऊन पडवीत निघून गेल्या.

खुलासा हेडमास्तरांनी केला. तुवालू हा पॅसिफिक महासागरातला, पॉलिनेशियातला नऊ बेटांचा देश. इतका लहान, की आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो छापलेलाच नव्हता. तिथे जो तांबडा ठिपका दिसे तो बाईंनी स्वतःच्या हाताने दिलेला. नववीच्या वर्गाला दरवर्षी त्या हा देश आठवडाभर शिकवत. अभ्यासक्रमात त्याचा पत्ता नव्हता. "मग शिकवतात कशाला?" मी विचारले. हेडमास्तर म्हणाले, "मीही विचारलं होतं. मला आठवडाभर वर्गात बसावं लागलं."

मग मीही बसलो.

बाई बुटक्या, सावळ्या. आवाज मात्र नदीपलीकडे जाणारा. सुती साडीच्या काठाला कायम चुन्याची भुकटी, कारण कबड्डीच्या रेघा मारायच्या चुन्याने त्या मैदानावर देशांचे नकाशे काढत आणि पोरांना त्यांच्या सीमांवरून चालवत. छत्री बारा महिने हातात. पावसात डोक्यावर, एरव्ही नकाशावर. त्या दिवशी त्या वर्गात आल्या ते एका हातात बशी, चहाचा पेला आणि दुसऱ्या हातात काकण घेऊन. काकण म्हणजे आमच्याकडे पदेर सकाळी सायकलवरून आणतो तो बांगडीच्या आकाराचा कडक पाव. बाईंनी तो बशीत ठेवला आणि बशीत चहा ओतला.

"हे फुनाफुती. तुवालूची राजधानी. पाव आहे ती जमीन. मधला चहा ती खाडी, बाहेरचा चहा तो महासागर. जमीन एवढीच. काही ठिकाणी इतकी अरुंद, की इकडून धोंडा भिरकावला तर तिकडच्या पाण्यात पडतो. डोंगर नाही, नदी नाही, साधा ओहोळ नाही. सगळ्यात उंच जागा आपल्या देवळाच्या दीपस्तंभापेक्षा ठेंगणी. आता सांगा, ही माणसं पाणी कुठलं पितात?"

मागच्या बाकावर खसखस पिकली होती. आमच्याकडे अंग पुसायच्या पंचाला तुवालो म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ती पिकायचीच. बाई ती पिकू देत. हसून झाले की पोरे पाण्याचा विचार करू लागत. कोणी म्हणे विहिरीचे, कोणी म्हणे नळाचे. पावसाचे, हे उत्तर यायला वेळ लागे आणि ते बहुधा एखाद्या मुलीकडून येई, कारण पाणी भरायचे काम मुलींचे.

मग पिके. "नीरफणस कोणाकडे आसा?" निम्मे हात वर. "माड?" सगळे हात वर. "अळू?" पुन्हा सगळे. "मगे तुमी अर्धीं तुवालूचीं," असे बाई जाहीर करत. तिथे अळवाचा एक राक्षसी भाऊबंद असतो, त्याला पुलाका म्हणतात. वाळूत खड्डे खणून, खालच्या गोड्या पाण्यापर्यंत पोचून, पाला घालून तो वाढवायचा. खड्डा बापाकडून मुलाकडे येतो. खड्ड्यात मीठ शिरले की पिढ्यांची मेहनत फुकट.

तास संपता संपता बाईंनी बशी उचलून सगळ्यांना दाखवली. काकण बुडापासून भिजून मऊ झाले होते, वरचा भाग मात्र कोरडाच होता. "बघा. चहा वरून चढला नाही. खालून चढला. मीठ असंच येतं." एवढे बोलून त्यांनी ते काकण खाऊन टाकले. बाई काहीच वाया घालवत नसत.

शेवटच्या दिवशी नावाचा अर्थ. तुवालू म्हणजे आठजण एकत्र उभे. बेटे नऊ आणि नाव आठांचे, कारण निउलाकिता नावाच्या नवव्या, इवल्याशा बेटावर पूर्वी वस्तीच नव्हती. दुसऱ्या बेटावरची माणसे मागाहून जाऊन राहिली. देश स्वतंत्र झाला तेव्हा नाव जुनेच ठेवले, पण झेंड्यावर तारे नऊ काढले. यावर बाई बेहद्द खूश असत. "एक तारो वाडोवंक कितां लागता? जागो मात्र," त्या म्हणत. म्हणजे लागते ती फक्त जागा.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरले ते रेडिओमुळे. बाई लग्नाच्या भानगडीत न पडता धाकट्या भावाच्या घरी राहत. भाऊ इंग्रजी बातम्या ऐकत होता आणि बाई आडोळीवर नारळ खवत होत्या. बातम्यांत एका नव्या देशाचे नाव आले आणि तिथली माणसे किती, ते आले. बाईंचा हात थांबला. पेडण्यातली चार गावे एकत्र केली तर याहून जास्त माणसे भरतील! गोव्याला लहान लहान म्हणून हिणवणारे त्यांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ ऐकले होते. त्यांना वाटले, आपल्याला धाकटा भाऊ झाला.

पुढे कळले की तुवालूची माणसे आधी शेजारच्या मोठ्या बेटांबरोबर एकाच कारभाराखाली होती, भाषा निराळी, रीत निराळी, म्हणून मतदान घेऊन वेगळी झाली. गोव्यातल्या माणसाला हे ऐकून विलीनीकरणाचा कौल आठवल्याशिवाय राहत नाही. फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात जायला, शिक्का मारलेत की दोन पानांवर, म्हणजे वेगळे राहायला, असे बाईंना विचारण्याचे धाडस मी एकदा केले. "शिक्को पेटयेत घातलो," बाई म्हणाल्या. "पेटयेक विचारा." दोन्ही पक्षांचे लोक त्या आपल्याच, असे छातीठोक सांगत. बाईंनी कोणालाच ताकास तूर लागू दिली नाही.

पुस्तकांत फारसे सापडेना, तेव्हा त्यांनी माणूस शोधला. नदीपलीकडे शिवोलीला इनास नावाचा एक तारवटी होता, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. त्याच्या जहाजावर तुवालूचे दोन खलाशी होते. इनास रजेवर आला की रविवारी बाई फेरीबोटीने शिवोलीला जात आणि त्याच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून त्याची उलटतपासणी घेत. घरांची तोंडे कुठल्या दिशेला? मीठ विकत आणतात की घरी करतात? बापडा इनास एकदा मला म्हणाला, "सर, कॅप्टन इतलें विचारना. हांव बोटीर वतां तो टिचराच्यो जापो सोदपाक." म्हणजे हा जहाजावर जायचा तो बाईंच्या प्रश्नांची उत्तरे शोधायला!

एका रजेत बाईंनी विचारले, तिथली माणसे गातात कशी? इनासने पुढच्या खेपेस उत्तर आणले. सभेच्या मोठ्या घरात दोन बाजू समोरासमोर. एक बाजू लाकडी खोक्यावर थाप मारत गाते, नाचते. मग दुसरी बाजू तिला उत्तर देते. मग पहिली आणखी जलद, दुसरी त्याहून जलद. पन्नाशी उलटलेल्या इनासने अंगणात नाचून दाखवले. बाई ताडकन उठल्या. "अरे, हे आमचे धालो!"

धालो आमच्याकडे पौषात, गावच्या मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र अंगणात. बायकांच्या दोन ओळी समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात. एक ओळ गात पुढे येते, वाकते, मागे सरते. मग समोरची ओळ उत्तर देत पुढे येते. समोरून उत्तर आल्याशिवाय गाणे पुढे सरकत नाही. आणि आमच्या गावचा एक दंडक असा, की एकदा जिच्या कमरेला हात घातला किंवा जिला समोरून उत्तर दिले ती त्या वर्षीची जोडीण. ती जोडी वर्षभर मोडायची नाही; घरच्या पुरुषाने मोडायला लावली तर मांडाचा दोष त्याच्या घराला. त्या वर्षापासून शाळेच्या संमेलनात 'तुवालू' हा कार्यक्रम सुरू झाला. मुली आणि त्यांच्या आया दोन ओळींत उभ्या राहत, आणि बाई रिकाम्या खोक्यावर थाप मारत.

आणखी एक खोड सांगायला हवी. बाई कुठल्याही घरी गेल्या की आधी पाणी मागत आणि पहिला घोट तोंडात घोळवत. मग निकाल देत: "गोड आसा," किंवा "औंदा मीठ वाडलां." आमचे गाव नदीकाठी. भरतीचे खारे पाणी अडवून केलेली भातशेती, तिला खाजन म्हणतात. नदी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध आणि मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेची, लाकडी दारे. बाई शाळेत येत त्या या बांधावरून, आणि वाटेत वाकून खाजनातल्या पाण्यात बोट बुडवून चाखत. एकदा खेकड्यांनी पोखरलेल्या भागातून मीठ झिरपते आहे हे त्यांनी बोट चोखून ओळखले आणि तास सोडून बांधावर माणसे गोळा केली. लोक हसत, पण पाण्याच्या बाबतीत बाईंचा शब्द शेवटचा मानत.

शाळा गोवामुक्तीनंतर गावानेच बांधली. गावात वाडे आठ. चार वरचे, डोंगराच्या अंगाला. चार खालचे, खाजनाच्या कडेला. चिरे सगळ्यांनी वाहिले. खालच्या वाड्यांचा पुढारी सगुण, स्वतःचा ट्रक डिचोलीच्या खाणीवर लावणारा, दांडगा माणूस. पाया भरताना चिऱ्याच्या एका टोकाला सगुण आणि दुसऱ्या टोकाला बाई, हे पाहिलेले लोक मला भेटले आहेत. बाक प्रत्येक वाड्याने आपले दिले. ते डिचोलीच्या सुताराने केले, सगुणच्या ट्रकमधून आले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्या त्या वाड्याचे नाव रंगवले. पोरे मात्र वाटेल त्या बाकावर बसत.

पुढे तुयेला कारखाने आले, बांधकामे आली आणि आमच्या माळावर कोल्हापूर-बेळगावकडच्या मजुरांची वस्ती झाली. गाव त्यांना घाटी म्हणे. त्यांची मुले शाळेत येऊ लागली. त्यांना वाडा नाही, म्हणून बाक नाही. ती गोणपाटावर बसत. बाईंनी भावाच्या पडवीतला बाक उचलून आणला आणि त्याच्या पाठीवर स्वतःच्या हाताने रंगवले: नववा.

अशा या शाळेत भाषेचा वाद शिरला: गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी?

मी मराठीचा मास्तर. माझी बाजू ठरलेली होती आणि आजही तीच आहे. तरी सांगतो, त्या दिवसांत गंमत कमी नव्हती. मराठीच्या मोर्चाहून परतलेला गृहस्थ घरी येऊन बायकोवर ओरडे तो कोंकणीत. आणि कोंकणीसाठी घसा फोडणारा सगुण श्रावणात देवळात पोथी वाची ती मराठी. पण हे त्यांना सांगणार कोण? माणसे एकमेकांना पाण्यात पाहू लागली. खालच्या वाड्यांनी मागणी केली, शाळेत कोंकणी शिकवा. शाळेच्या समितीत वरच्या वाड्यांची माणसे जास्त. त्यांनी नाही म्हटले. सगुण भर सभेत उठला. "मगे आमची शाळा वेगळी," म्हणाला.

दोन्ही बाजूंची माणसे बाईंच्या घरी जाऊन आली. दोघांनाही बाईंनी चहा दिला. दोघांनाही विचारले, "शाळेचे दोन कुडके केल्यार दोनूय जगतलीं?" दोघांनाही उत्तर ठाऊक होते. मुले निम्मी झाली की सरकारचे अनुदान बंद, आणि एकाच्या जागी दोन कुलपे.

शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो, "बाई, होईना बंद. मुलं पेडण्याला जातील, म्हापशाला जातील." बाईंनी चहात बुडवलेले काकण तसेच धरून माझ्याकडे पाहिले. "चेडे वतले, मास्तर. चेडवांक कोण धाडटलो?" मुलगे जातील हो, मुलींना कोण पाठवणार? ही शाळा निघाली नसती तर त्या गावात दहावी झालेली एकही मुलगी दिसली नसती, हे मला कोणी सांगायला नको होते. बाईंचा सगळा जन्म त्यात गेला होता.

सगुण ट्रक घेऊन आला तेव्हा नववीत तुवालूचाच पाठ चालू होता. त्याच्यामागे खालच्या वाड्यांचे दहा-बारा बाप्ये.

"बाय, वाट दी," तो म्हणाला. "आमचे बाक व्हरूंक आयल्यांव."

"व्हर," बाई म्हणाल्या. "पूण पाठ सोंपूं दी."

आणि ती दांडगी माणसे दारात ओळीने उभी राहून, निउलाकिता कुठे आहे आणि तिथे वस्ती कशी झाली, हे शेवटपर्यंत ऐकत राहिली. घंटा झाली तसे त्यांनी बाक उचलले. खालच्या वाड्यांची मुले दप्तरे घेऊन ट्रकच्या मागून चालत गेली. बाईंनी कोणाला अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेले बाक भिंतीला लावून ठेवले, आपली खुर्चीसुद्धा. "तीं परत येईसर कोणूच वयर बसूंचो ना." वरच्या वाड्यांचे पालक तणतणत आले: आमचे बाक असताना आमच्या मुलांनी खाली का बसावे? बाई जमिनीवर मांडी घालून वह्या तपासत होत्या. त्यांचे गुडघे त्याच वर्षी कामातून गेले. उठताना त्या छत्रीला आणि माझ्या हाताला धरून उठत, पण खुर्ची काही घेतली नाही.

पौषात संमेलन आले. दुपारची वेळ. समितीच्या अध्यक्षांना वाटले होते की यंदा 'तुवालू' गाळतील. शिवाय गाणे कोंकणी. मीही तसे सुचवून पाहिले. "मांडार मराठी गायल्या कोणे?" बाईंनी विचारले, आणि खोके घेऊन मैदानात बसल्या.

वरच्या वाड्यांच्या बायका आणि मुली एका ओळीत उभ्या राहिल्या. समोरची ओळ रिकामी. तिच्या जागेवर बाईंनी चुन्याची रेघ तेवढी मारून ठेवली होती. खालच्या वाड्यांच्या बायकांना घरच्यांची बंदी होती. पण कुंपणापलीकडच्या पायवाटेवर त्या सगळ्या उभ्या होत्या, कमरेवर कळश्या घेऊन, पाण्याला निघाल्याच्या मिषाने. रस्त्यावर सगुणचा ट्रक उभा होता आणि सगुण दरवाजाला टेकून पाहत होता.

बाईंनी थाप मारली. ओळ पुढे आली:

"दर्याच्या पोटांत आठूय भयणी, हाताक हात दिवन उब्यो."

ओळ वाकली, मागे सरली. समोरून कोण उत्तर देणार? तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा शांतता. काही मुली रडवेल्या झाल्या. अध्यक्ष खुर्चीत चुळबुळ करू लागले. बाईंनी आजूबाजूला पाहिले आणि माळावरच्या बायका बसल्या होत्या तिकडे हात केला. "यल्लव्वा, ये गे. तुमी सगळ्यो येयात."

यल्लव्वा बेळगावकडची, कारखान्याच्या बांधकामावर वाळू चाळायची. तिची मुलगी नववीत होती. ती लाजत, पदर तोंडात धरून उठली. तिच्यामागून आणखी सहा-सात जणी. रेघेवर उभ्या राहिल्या, कमरेला हात घातले. थाप पडली आणि जे सुरू झाले त्याला काय म्हणावे! उत्तर द्यायच्या वेळी त्या मागे सरल्या, मागे सरायच्या वेळी पुढे आल्या. वाकल्या त्या एकेक जण एकेका बाजूला. चाल तर थेट त्यांच्या गावच्या जत्रेतली. लोक पोट धरून हसले. यल्लव्वाही हसत होती, पण रेघ सोडत नव्हती.

कुंपणापलीकडेही आधी हसू फुटले. मग ते थांबले. मग एकेकीचे पाय आपोआप हलू लागले. आपली ओळ, आपले उत्तर, आपल्या आयांनी शिकवलेले पाऊल, आणि त्याची ही दशा!

"अगे, असां न्हय!" कोणीतरी ओरडले. ती सगुणची बायको रुक्मिण. "आदीं पाय! मागीर कमर!"

यल्लव्वाने आधी कमर हलवली.

"देवा म्हज्या!" म्हणत रुक्मिणने कळशी दाणकन खाली ठेवली, साडीचा काठ उचलला आणि कुंपणाच्या फटीतून ती आत आली. नवऱ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. यल्लव्वाच्या शेजारी उभी राहून तिने तिच्या कमरेला हात घातला. "आतां म्हण माज्यावांगडा." आणि पुढे येऊन, खड्या आवाजात, उत्तर दिले:

"नववी भयण मागीर आयली, तिकाय जागो करून दियात."

कळश्या एकामागून एक खाली ठेवल्या गेल्या. रेघ भरली, मग रेघेच्या दोन्ही टोकांना जागा पुरेना. बाईंची थाप जलद झाली, इनासने दाखवली होती तशी, आणखी जलद. दोन ओळी एकमेकींना हटेनात. चुन्याची रेघ पायांखाली पुसून गेली. अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगुणने ट्रक सुरू केला आणि तो निघून गेला.

पण दंडक दंडकच, मांड असो की शाळेचे मैदान. दोन्ही ओळींतल्या बायका त्या वर्षीच्या जोडिणी झाल्या होत्या. जोडिणींची पोरे वेगवेगळ्या शाळांत घालणे म्हणजे जोडी मोडणे; तसे करायला लावून मांडाचा दोष घरावर कोण घेणार? सोमवारी खालच्या वाड्यांच्या बायकांनी पोरांची दप्तरे भरली आणि त्यांना शाळेकडे लावून दिले. पुरुषांनी तोंड उघडले नाही. सगुणनेही नाही; रुक्मिण आणि यल्लव्वा पुढे वर्षभर एकमेकींकडे वाटी-वाटीने कालवण पाठवत राहिल्या आणि ते तो निमूटपणे जेवला.

बाक मात्र लगेच आले नाहीत. अभिमान नावाची चीज आहे ना. सकाळी शाळा उघडावी तर पडवीत एखादा बाक आलेला दिसे. कोणी आणला, कधी आणला, काही नाही. बाई विचारतही नसत. सगळ्यांना पुरतील इतके झाले तेव्हा त्यांनी मुलांना वर बसवले आणि स्वतः खुर्ची घेतली. सगुणच्या वाड्याचा एक बाक तेवढा आला नाही. पुढे समझोता झाला आणि कोंकणीचा तास सुरू झाला. माझा मराठीचा होताच. दोन्ही तासांना पोरे सारखीच पेंगत.

त्याच उन्हाळ्यात गोवा राज्य झाले. मी बाईंना डिवचले, "एवढंसं राज्य, बाई! नकाशात शोधावं लागतं." बाईंनी छत्री उचलून तांबड्या ठिपक्यावर टेकवली. मग म्हणाल्या, "राज्य जालां तां बरां जालां. पूण बांधाकडेन आतां कोण पळयतलो?" आणि पाणी चाखायला निघून गेल्या.

मी निवृत्त होऊन दोडामार्गाला परतलो. बाईंची नव्वदी जवळ आली होती तेव्हा त्यांना शेवटचे भेटलो. घरी गेलो तर भावाची सून म्हणाली, त्या सगुणकडे असतील, रोज असतात. खालच्या वाड्यात गेलो. सगुणच्या पडवीत दोघे शेजारी शेजारी बसले होते. त्याला ऐकू कमी, बाईंना दिसत जवळजवळ नव्हते. रुक्मिण दोन वर्षांपूर्वी वारली होती. बसले होते ते शाळेच्या बाकावर. पाठीवरचे वाड्याचे नाव पुसट झाले होते, तरी वाचता येत होते.

"बाई, हा बाक शाळेचा ना?" मी मुद्दाम विचारले.

"आसूं दी," बाई म्हणाल्या. "तो दितां म्हणता. हांव घेनां."

माझ्या फोनवर त्या दिवसांत एक चित्र आले होते, ते दाखवायलाच मी गेलो होतो. तुवालूचा एक मंत्री कोट-टाय घालून समुद्रात उभा राहून जगाला भाषण करत होता. मी बाईंना सांगितले की तुमच्या देशात पाणी चढते आहे. बाईंनी मान हलवली. त्यांना ते कधीचेच ठाऊक होते. त्यांनी सगुणच्या दंडाला धरून जोरात विचारले, "पळय रे. उदक खंयसर आयलां?"

सगुणने फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिले. "ढोपरामेरेन," तो म्हणाला. गुडघ्यापर्यंत.

बाईंचा हात मांडीवर हलत होता, खोक्यावर थाप मारावी तसा.

"पूण उबो आसा मरे?"

"आसा गे," सगुण म्हणाला. "उबो आसा."

"मगे जालां," म्हणून बाई सगुणच्या बाजूला थोड्या सरकल्या आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.